मोजमापांचे दफ्तर

भुईगावच्या बाजूला, जिथे समुद्राचा वारा केळीची पाने उभी फाडून टाकतो अशा एका वाडीत, माझ्या परिचयाच्या एका वृद्ध बागायतदाराची विहीर आहे. त्या विहिरीवरचा रहाट केव्हाच मोडला असला, तरी त्याच्या उरलेल्या खुंटाला एक सुती दोरी आजही गुंडाळून ठेवलेली असते, जिला हाताहाताच्या अंतरावर गाठी आहेत आणि जिच्या टोकाला कोळ्यांच्या जाळ्यातली शिशाची गोळी बांधलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळची मिस्सा आटोपून घरी आल्यावर, हे बागायतदार काका ती दोरी विहिरीत सोडतात, किती गाठी कोरड्या राहिल्या ते मोजतात, ओंजळभर पाणी वर घेऊन चाखतात, आणि घरात जाऊन पुठ्ठ्याच्या बांधणीच्या एका वहीत तारीख, गाठी, वरची बोटे आणि ‘गोड’, ‘मचूळ’ किंवा ‘खारट’ यांपैकी एक शब्द लिहून ठेवतात.

हा क्रम टँकरच्या दिवसांत सुरू झाला. वसईच्या विहिरींतले गोडे पाणी नव्या वसाहतींकडे टँकर भरभरून जाऊ लागले, ज्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या पानवेली आणि केळी पिकत होत्या तिथले पाणी मचूळ लागू लागले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने या भूमीच्या रक्षणासाठी लोकांना उभे केले, त्या काळात काकांच्या मनाने घेतले की तक्रार करायची तर हाती काहीतरी लेखी असले पाहिजे. ते फार शिकलेले नाहीत. परंतु शास्त्रीय वृत्ती म्हणजे काय हे मला विद्यार्थ्यांना जन्मभर सांगावे लागले, आणि ती वृत्ती या वहीत मला जितकी निर्मळ आढळली तितकी क्वचितच कुठे आढळली असेल. वहीच्या एका पानाच्या समासात त्यांनी लिहिले आहे : ‘आजपासून नव्या कठड्यावरून. जुना कठडा दीड हात खाली.’ एवढी एक ओळ नसती, तर पुढची सारी पाने पाहणाऱ्याने असा निष्कर्ष काढला असता की एका महिन्यात या विहिरीचे पाणी दीड हात खोल गेले. आणि तो निष्कर्ष आकड्यांच्या दृष्टीने निर्दोष, पण वस्तुस्थितीच्या दृष्टीने सर्वस्वी असत्य ठरला असता.

ही वही एखाद्या अभ्यासकाच्या नोंदींशी ताडून पाहावी या हेतूने मी वसई तालुक्यातील भूजलावरचा एक प्रबंध मिळवला. त्यातील विवेचन परिश्रमपूर्वक केलेले होते, आलेख सुबक होते आणि निष्कर्ष पटण्यासारखे होते. परंतु ज्या तक्त्यांवर तो सारा डोलारा उभा होता, ते तक्ते छायाचित्राच्या रूपात, किंचित तिरके, कुठे शेवटचा रकाना कापला गेलेला आणि कुठे ३ आणि ८ यांतला भेद पुसून गेलेला, असे समोर आले. विहिरींची नावे नव्हती, गावे नव्हती, ‘विहीर क्र. ७’ एवढाच उल्लेख होता. पाणी कोणत्या महिन्यात घेतले ते होते, पण भरतीच्या वेळी की ओहोटीच्या वेळी, हे नव्हते; आणि समुद्रकाठच्या विहिरीला त्या माहितीवाचून अर्थ नाही. मी संबंधित संस्थेकडे पत्र पाठवले, दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवले, शेवटी स्वतः गेलो. तिथल्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की मूळ आकडे त्या विद्यार्थ्याच्या संगणकावर होते, तो विद्यार्थी नोकरीनिमित्त परगावी गेला, आणि संस्थेकडे जे आहे ते हेच. मी चार रात्री बसून ते तक्ते हाताने उतरवले. ‘विहीर क्र. ७’ काकांच्या वाडीपासून पाचशे पावलांवर असू शकेल, किंवा पार आगाशीलाही असू शकेल.

ज्या संशोधनासाठी सार्वजनिक निधीतून पाठ्यवृत्ती, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय उपलब्ध झाले, त्या संशोधनाचा निष्कर्ष तेवढा लोकांना द्यायचा आणि ज्या मोजमापांतून तो निघाला ती मोजमापे कुणाच्या तरी कपाटात कुजू द्यायची, हा व्यवहार मला अपुरा वाटतो, आणि त्याहूनही अधिक, अन्यायाचा वाटतो. निबंध वाचायला मिळणे ही एक गोष्ट आणि त्यातील सामग्री हाती घेऊन पुन्हा तपासता येणे, दुसऱ्या सामग्रीशी जोडता येणे, तिच्यावर नवे काम उभारता येणे ही दुसरी गोष्ट. आपल्या देशात पहिलीविषयी आता बरेच बोलले जाते. दुसरीविषयी बोलावे म्हणून हा लेख.

वसईकराला हा भेद समजावून सांगायला दूर जाण्याचे कारण नाही. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, हे आपल्याकडे शाळकरी मूलही सांगेल. परंतु त्या मोहिमेत दाणागोटा कसा पोचला, सुरुंग कसे लागले, कोणत्या ठाण्यावर कोण होते, ही हकिकत आज आपण तपशिलाने सांगू शकतो ती पुण्याचे पेशवे दफ्तर उघडले गेले म्हणून. हे दफ्तर इंग्रजी अंमलात दीर्घकाळ संशोधकांना बंद होते. सरकारी अंमलदारांच्या परवानगीवाचून कागदांच्या त्या हजारो रुमालांना हात लावण्याची सोय नव्हती. अखेर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम आले आणि १९३० पासून पुढच्या काही वर्षांत त्या कागदांचे ४५ खंड छापून बाहेर पडले. सरदेसाईंनी स्वतः इतिहास लिहिलाच होता. त्यांना आपल्या रियासतीत हवे तेवढे कागद वापरून बाकीचे पुन्हा रुमालात बांधता आले असते. ते कागद जसेच्या तसे छापले गेले, आणि म्हणूनच त्यांच्यानंतर आलेल्या ज्या अभ्यासकाला त्यांचे मत मान्य नव्हते, त्यालाही त्यांच्याच खंडांतून आपला पुरावा शोधता आला.

त्याआधी १८९८ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. राजवाड्यांचा स्वभाव उग्र, मते टोकाची, आणि त्यांतील कितीतरी मते पुढच्या पिढीने खोडून काढली. पण त्यांनी ज्या कागदांसाठी गावोगाव वणवण केली, ज्या वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खाल्ली, ते कागद त्यांच्या मतांबरोबर बाद झाले नाहीत. मतांचे आयुष्य सरले तरी साधनांचे सरत नाही, हे त्यांनी मालेला दिलेल्या नावातच सुचवले आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आणि या बाबतीत सर्वांत पूर्ण असा नमुना पाहायचा असेल तर तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाहावा. १९१९ साली त्या कार्याचा आरंभ झाला, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद स्वीकारून त्याला शास्त्रशुद्ध बैठक दिली, आणि १९६६ साली, म्हणजे जवळजवळ अर्धशतकाने, ते पूर्णतेस गेले. त्यासाठी देशभरातून, आणि देशाबाहेरूनही, १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली. त्या आवृत्तीचे कुठलेही पान उघडा : वर संपादकांनी स्वीकारलेली संहिता आहे, आणि खाली, बारीक अक्षरांत, काश्मीरच्या पोथीत काय आहे, बंगालच्या पोथीत काय, मलबारच्या पोथीत काय, कोणत्या पोथीत हा श्लोकच नाही, याची बारकाईने केलेली नोंद आहे. संपादकाने आपला निर्णय दिला आहे आणि त्याच पानावर तो निर्णय फिरवण्याचे साहित्यही वाचकाच्या हाती ठेवले आहे. याहून मोठा विद्येचा प्रामाणिकपणा मला ठाऊक नाही. पुढे जपानमधील क्योतो येथील प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनी या आवृत्तीची संहिता संगणकात उतरवली, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती सुधारली, आणि आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातला अभ्यासक एखादा शब्द महाभारतात किती वेळा आला हे घरबसल्या शोधू शकतो. पुण्यात खपलेल्या माणसांनी ज्याची कल्पनाही केली नसेल, असा हा उपयोग आहे.

हे झाले कागदांचे आणि पोथ्यांचे. अलीकडच्या विज्ञानातले उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. जुन्नर तालुक्यात खोडद आणि त्याच्या परिसरात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय मीटर तरंगलांबीची रेडिओ दुर्बीण उभी आहे, आणि जिच्यामागे डॉ. गोविंद स्वरूप यांची दृष्टी होती, तिच्या व्यवहारात एक नियम आहे : ज्या शास्त्रज्ञाने निरीक्षण मागितले, त्याला त्या निरीक्षणाचे आकडे १८ महिने एकट्याला वापरता येतात, त्यानंतर ते संग्रहातून कुणालाही मिळतात. ज्याने कष्ट केले त्याचा अग्रहक्क राखला जातो, आणि तरीही ते धन एकाच तिजोरीत पडून राहत नाही. या दुर्बिणीतून २०१० ते २०१२ या काळात आकाशाच्या फार मोठ्या भागाचे १५० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर सर्वेक्षण झाले. ते आकडे संग्रहात होते म्हणून ह्यूब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने तीन सहकाऱ्यांसह ते पुन्हा हाती घेतले, नव्या पद्धतीने शुद्ध केले, आणि २०१६ मध्ये आकाशाचा नव्वद टक्के भाग व्यापणारी, सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी जगाला खुली केली. त्या यादीतून २०१८ साली आयुष सक्सेना या तरुण भारतीय अभ्यासकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी, नेदरलँड्समधील लायडनहून, तोवर ज्ञात असलेली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका हुडकून काढली, जिचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे बारा अब्ज वर्षे लागली. नारायणगावच्या द्राक्षबागांशेजारी उभ्या असलेल्या तबकड्यांनी एकदाच आकाश पाहिले, आणि तिघा वेगवेगळ्या मंडळींनी त्या एका पाहण्यातून तीन वेगवेगळी कामे केली.

आता देशातल्या व्यवस्थेकडे वळू. काहीच झाले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात सादर करणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या ‘शोधगंगे’त लाखो प्रबंध जमा झाले, माझ्या हाती आलेला प्रबंधसुद्धा एरवी मिळालाच नसता. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये, आणि केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये, आपल्या निधीवर झालेले शोधनिबंध खुले ठेवण्याचे धोरण जाहीर केले. परळच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ या नियतकालिकाने, परदेशात अशा गोष्टींची चर्चाच चालू असताना, आपले अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला दिले. त्या उपक्रमामागे मुंबईतले डॉ. देवकुमार साहू होते, ज्यांनी पुढे देशातील शेकडो वैद्यक नियतकालिकांना तोच मार्ग दाखवला. आणि २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली, जिच्याद्वारे तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० शासकीय शिक्षण व संशोधन संस्थांतून वाचता यावीत अशी तजवीज झाली.

या योजनेने खेड्यातल्या शासकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला जे वाचायला मिळेल ते त्याच्या गुरूला कधीच मिळाले नव्हते, याचा मला आनंद आहे. तरीही वर्गणी ही वर्गणीच असते : भरली तोवर दार उघडे, थांबली की बंद. शिवाय तिच्या व्याप्तीत शासकीय संस्था आहेत. काकांसारखा बागायतदार, स्वतंत्रपणे अभ्यास करणारा निवृत्त शिक्षक, तालुक्याच्या बातम्या देणारा पत्रकार यांना त्या दारातून प्रवेश नाही. आणि ज्यांना प्रवेश आहे त्यांनाही मिळतो तो छापील निबंधच. त्यातली मोजमापे नव्हेत. एवढी रक्कम दुसऱ्यांनी लिहिलेले वाचण्यासाठी आपण देत असू, तर आपणच केलेली मोजमापे जपण्यासाठी तिचा एक अंश तरी बाजूला काढावा, अशी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.

मोजमापे जपायची म्हणजे काय करायचे, याचाही विचार जगात झाला आहे. २०१६ साली काही शास्त्रज्ञांनी चार कसोट्या मांडल्या, ज्या मी माझ्या शब्दांत अशा सांगेन : सामग्री शोधली असता सापडली पाहिजे, सापडली की हाती आली पाहिजे, हाती आली की दुसऱ्या सामग्रीशी जुळली पाहिजे, आणि जुळली की पुन्हा वापरता आली पाहिजे. यातली तिसरी कसोटी सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित. पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस, डहाणू-तलासरी भागात, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे सौम्य धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने चालू राहिले. धुंदलवाडी परिसरातली माणसे थंडीत घराबाहेर झोपली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे भूकंपमापक यंत्रे बसवली. या धक्क्यांचा जमिनीत मुरणाऱ्या पाण्याशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला, आणि तो प्रश्न सोडवायचा तर धक्क्यांच्या नोंदींशेजारी पावसाच्या, विहिरींच्या आणि धरणांतल्या साठ्याच्या नोंदी मांडल्या पाहिजेत. पाऊस महसूल मंडळनिहाय मोजला जातो, भूजल ‘भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणे’च्या निरीक्षण विहिरींतून, धरणाची पातळी जलसंपदा खात्याकडून. गावांच्या नावांचे लेखन निरनिराळे असले, एकाने दिवस मध्यरात्रीपासून धरला व दुसऱ्याने सकाळी साडेआठपासून, तर या तिन्ही वह्या एकमेकींशेजारी ठेवूनही बोलत नाहीत.

आता अगदी घरचा प्रश्न. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्यात रेल्वेचे रूळ बुडाले, गाड्या थांबल्या, मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढले. ज्यांनी ते दिवस अंधारात, पिण्याच्या पाण्याविना काढले त्यांना त्यांचे वर्णन सांगायला नको. त्यानंतर महानगरपालिकेने नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे निरी, आणि पवईची आयआयटी यांच्याकडे पुराच्या कारणांचा व उपायांचा अभ्यास सोपवला, आणि त्यातून धारण तलावांसारख्या उपायांची शिफारस पुढे आली. त्या तज्ज्ञांच्या योग्यतेविषयी मला शंका नाही. मला आस्था आहे ती असल्या कुठल्याही अहवालाच्या पोटात जे आकडे असतात त्यांच्याविषयी : नाल्याची रुंदी आणि तळाची पातळी ठिकठिकाणी किती, भराव झालेल्या जमिनीची उंची किती, खाडीच्या मुखाशी भरती किती चढते, एका तासात किती पाऊस पडला की कोणत्या चौकात पाणी साचते. हे आकडे तक्त्यांच्या रूपात, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशांसह, कुणीही संगणकात घेऊन वापरावेत अशा रीतीने महानगरपालिकेने आपल्या संकेतस्थळावर ठेवले, तर पुढच्या वर्षी स्थापत्यशास्त्राचा एखादा विद्यार्थी आपल्याच गल्लीचा नाला पुन्हा मोजून तो गाळाने किती उथळ झाला हे सांगू शकेल, मिठागराच्या जागेवर नवे बांधकाम उभे राहण्याआधी आजूबाजूचे रहिवासी त्याचा परिणाम अजमावू शकतील, आणि वसईतली बावखले, ज्यांत आपल्या पूर्वजांनी पावसाचे पाणी अडवून वाडीला जगवले, ती बुजवल्याने किती पाणी रस्त्यावर आले याचाही हिशेब मांडता येईल. पुढच्या अभ्यासाला पहिल्या पायरीपासून, पुन्हा तेवढाच खर्च करून, आरंभ करावा लागणार नाही.

करायचे ते फार अवघड नाही. महानगरपालिका, जिल्हा परिषद किंवा राज्याचे कोणतेही खाते जेव्हा एखाद्या संस्थेला अभ्यासाचा कार्यादेश देते, तेव्हा त्या करारनाम्यातच एक कलम असावे की अंतिम देयक अदा होण्यापूर्वी अहवालासोबत त्यामागची सर्व मोजमापे, ती कोणी, कधी, कशाने आणि कुठून केली याच्या टिपणासह, यंत्राला वाचता येईल अशा तक्त्यांत सादर केली जातील, आणि त्यांच्यावर स्पष्ट शब्दांत लिहिलेले असेल की श्रेय देऊन कुणीही ती वापरू शकतो. ही शेवटची ओळ क्षुल्लक वाटेल, पण तिच्या अभावी किती काम अडते हे मी पाहिले आहे : कागदावर ‘वापरा’ असे लिहिलेले नसले की सरळमार्गी माणूस वापरत नाही. महाविद्यालयांनी प्रबंधाबरोबर मूळ तक्ते जमा करून घेतल्यावाचून पदवीची शिफारस करू नये. आणि संशोधकाच्या बढतीचा विचार करताना त्याने किती निबंध छापले हे जसे मोजले जाते, तसे त्याने दिलेल्या सामग्रीवर इतरांनी किती काम केले हेही मोजले जावे. नाहीतर टिपणे लिहिण्याचे, तक्ते स्वच्छ करण्याचे नीरस काम कोण कशासाठी करील?

काही सामग्री झाकून ठेवावी लागते, हे मला मान्य आहे. रुग्णाचे नाव, एखाद्या दुर्मिळ वनस्पतीचे नेमके ठिकाण, वारली वैदूने विश्वासाने सांगितलेले औषध, अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या कोळ्यांनी पिढ्यांच्या अनुभवाने ओळखलेल्या मासेमारीच्या जागा : या गोष्टी ज्यांच्या आहेत त्यांच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडणे हा अपराध होईल. पण या अपवादांची ढाल पुढे करून नाल्याची खोली गुप्त ठेवण्याचे प्रयोजन नाही. आणि ‘आमच्या आकड्यांत चुका सापडतील’ ही जी भीती मनाच्या तळाशी असते, तिला उत्तर असे की चुका सापडाव्यात म्हणूनच तर ते द्यायचे. ११ जानेवारी २०२० रोजी चीनमधील एका शास्त्रज्ञ-गटाने नव्या विषाणूचा जनुकक्रम, निबंध छापून येण्याची वाट न पाहता, जगासमोर ठेवला, आणि काही दिवसांतच देशोदेशी तपासणीच्या चाचण्या तयार होऊ लागल्या. तो क्रम कुणी सहा महिने दाबून ठेवला असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण तो आमच्या मातीतून निघतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याला बुरुड राजाच्या कोटातील स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने अशा एकात एक बसवलेल्या करंड्या निघाल्या आणि सर्वांत आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. त्याच सुमारास सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भग्न अंश मिळाला, आणि १९५६ मध्ये आमच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा. करंड्यांतले ते अवशेष बंदिस्त ठेवण्यासाठीच होते, ते पवित्र होते. शिलालेख मात्र बंदरात उतरणाऱ्या आणि बाजाराला येणाऱ्या माणसाने वाचावा, किंवा कुणाकडून वाचून घ्यावा, म्हणून लोकांच्या बोलीत, प्राकृतात, दगडावर कोरला होता. सम्राटाला संस्कृत विद्वानांची वाण नव्हती. म्हणून माझी मागणी अशी आहे की पालघर जिल्ह्यात झालेल्या प्रत्येक अभ्यासासोबत मराठीत लिहिलेले एक पान असावे, ज्यात काय मोजले, कुठे मोजले, काय आढळले आणि मूळ आकडे कुठे मिळतील, हे सांगितलेले असेल. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून, आणि ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासून, विज्ञान मराठीत सांगत आले आहेत. शब्दांची उणीव हे कारण आता कुणाला देता येणार नाही.

काकांच्या परवानगीने मी त्यांची वही संगणकात उतरवण्यास घेतली आहे. तारखा सरळ होत्या. ‘गोड’ आणि ‘मचूळ’ मी जसेच्या तसे ठेवले. अडचण आली ती गाठींची, कारण हात म्हणजे कुणाचा हात, आणि किती इंच? मी हे विचारल्यावर काका म्हणाले, “मास्तर, हात माझाच. पण दोरी दोनदा बदललीय.” मग आम्ही कठड्यावर बसून टेपने त्यांचा कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचा हात मोजला, नंतर दोरीच्या गाठींमधली अंतरे मोजली, आणि ती हाताच्या मापापेक्षा थोडी कमी भरली. सुती दोरी भिजली की आखडते, हे काकांच्या आधी माझ्या लक्षात यायला हवे होते. त्यांनी दोरी बादलीत भिजवली, आम्ही पुन्हा मोजली, मग उन्हात वाळत घालून दुपारी तिसऱ्यांदा मोजली, आणि तिन्ही मापे मी तक्त्याच्या वरच्या टिपणात लिहिली. पहिल्या दोन दोऱ्या कशाच्या होत्या, हे त्यांना आठवत होते; त्या कोणत्या वर्षी बदलल्या, ते वहीत सापडते का हे आम्ही येत्या रविवारी पाहणार आहोत.